मशीन कुणाचं? झेजेर-लकूल्त्रविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात स्विस घड्याळांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी बरेच प्रश्न एकाच घराण्याभोवती फिरत होते, म्हणून या वेळी फक्त त्यांचीच उत्तरं देतो. नाव दिसायला अवघड आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच.

प्रश्न : हे नाव नेमकं कसं उच्चारायचं? आणि ही दोन माणसं की एक? (पुणे)

दोन माणसं, आणि तीही वेगवेगळ्या शतकांतली. उच्चार साधारण 'झेजेर-लकूल्त्र'. दुकानात 'जेगर' म्हटलंत तरी कुणी हसणार नाही.

लकूल्त्र म्हणजे आंत्वान लकूल्त्र. स्वित्झर्लंडच्या व्हो प्रांतात, फ्रान्सच्या सीमेला लागून झू नावाचं खोरं आहे. उंची सुमारे हजार मीटर आणि हिवाळा लांबलचक. तिथल्या ल साँतिए गावात 1833 साली आंत्वानने आपला कारखाना काढला. त्याचा मोठेपणा एखाद्या सुंदर घड्याळात शोधू नका, तो मोजमापात आहे. 1844 मध्ये त्याने मिलिओनोमेत्र नावाचं यंत्र केलं, ज्याने मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग मोजता येत असे. त्या काळी घड्याळाचे भाग 'लीन्य' या जुन्या फ्रेंच मापात मोजत (1 लीन्य म्हणजे जवळपास 2.256 मिमी) आणि बाकी सगळं कानशीवर आणि कारागिराच्या बोटांवर. माप सुधारलं तेव्हा एकसारखे भाग बनवता येऊ लागले, आणि पुढे आपलं मशीन दुसऱ्याला विकणं जमलं ते त्यामुळेच. 1847 मध्ये त्याने किल्लीशिवाय चावी देण्याची आणि काटे फिरवण्याची पद्धत आणली. ती जगात पहिली होती असं काही ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते बरोबर नाही. आद्रियाँ फिलिप या फ्रेंच घड्याळजीने त्याआधीच आपली किल्लीविरहित रचना दाखवली होती आणि 1845 मध्ये पेटंटही घेतलं होतं.

आंत्वानचा मुलगा एली याने 1866 मध्ये खोऱ्यात घरोघरी विखुरलेले कारागीर एका छपराखाली आणले. 1860 ते 1900 या काळात या कारखान्याने साडेतीनशेहून अधिक प्रकारची मशीनं बनवली.

झेजेर म्हणजे एडमंड झेजेर, पॅरिसमधला, फ्रेंच नौदलाला घड्याळं पुरवणारा. 1903 मध्ये त्याने अतिशय पातळ मशीनांचे आराखडे स्विस कारखान्यांपुढे टाकले : बनवून दाखवा. आंत्वानचा नातू झाक-दाविद याने ते आव्हान घेतलं. 1907 मधलं 145 क्रमांकाचं खिशातल्या घड्याळाचं मशीन 1.38 मिमी जाडीचं होतं. दोन्ही नावं एका कंपनीवर अधिकृतपणे आली ती मात्र 1937 मध्ये.

प्रश्न : रिव्हर्सो घड्याळ भारतातल्या पोलोमुळे जन्मलं, ही जाहिरातबाजी की खरी गोष्ट? (मुंबई)

गाभा खरा आहे, वरचा मुलामा जाहिरातीचा. सेझार द त्रे हा स्विस व्यापारी आधी दंतवैद्यकीच्या साहित्याच्या धंद्यात होता, मग घड्याळांकडे वळला. 1930-31 च्या हिवाळ्यात तो हिंदुस्थानात होता. पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे तक्रार केली, की चेंडू किंवा काठी लागून मनगटावरच्या घड्याळाची काच फुटते. तेव्हाच्या घड्याळाची काच आजच्या कृत्रिम नीलमण्याच्या काचेइतकी कठीण नव्हती.

परत गेल्यावर त्याने हा प्रश्न झाक-दाविदपुढे ठेवला. प्रत्यक्ष यंत्रणा रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्याने रचली आणि पेटंटसाठीचा अर्ज पॅरिसमध्ये 4 मार्च 1931 रोजी दाखल झाला. अर्जाचा मथळा वाचण्यासारखा आहे : आपल्या आधारावर सरकून पूर्णपणे उलटं होऊ शकणारं घड्याळ. पोलो, घोडे, अधिकारी, यांचा त्यात पत्ता नाही. जाळी, झाकण, जाड काच असे उपाय आधीपासून होतेच. शोव्होने काच मनगटाकडे वळवली आणि चेंडूपुढे धातूची पाठ केली.

आता एक बारकावा. पहिल्या रिव्हर्सोंत लकूल्त्रचं मशीनच नव्हतं. योग्य आकाराचं मशीन तयार नसल्यामुळे ताव्हान कारखान्याचं बसवलं, स्वतःचं आलं 1933 मध्ये. सुरुवातीच्या बऱ्याच तबकड्यांवर फक्त 'रिव्हर्सो' एवढंच छापलेलं असतं, कंपनीचं नावच नाही. म्हणून तुमच्या हातात 1931-32 चं घड्याळ असेल आणि आत ताव्हान दिसलं, तर ते नकली म्हणून टाकून देऊ नका. उलट 1931 चं म्हणून विकलं जाणारं घड्याळ असेल आणि तबकडीवर 'झेजेर-लकूल्त्र' असं जोडनाव असेल, तर तबकडी नंतरची आहे किंवा पुन्हा रंगवलेली आहे.

प्रश्न : आजोबांच्या वेळचं रिव्हर्सो आहे. केस सरकताना अडकते. तेल घालू का? (कोल्हापूर)

अजिबात नको. बहुतेक रिव्हर्सो बिघडतात ते याच उपायाने.

घड्याळाची केस, म्हणजे मशीन आणि तबकडी धरणारी धातूची पेटी, ज्या चौकटीत बसते, तिच्या दोन्ही कडांना खाचा असतात आणि केसच्या खुंट्या त्या खाचांतून सरकतात. शेवटी स्प्रिंगवरचा छोटा खटका केस जागेवर धरतो. खाचांत धूळ, घाम आणि कातड्याच्या पट्ट्याचा भुगा साचतो. त्यावर तेल पडलं, की या सगळ्याचा लगदा होतो, आणि तो पॉलिश पेपरसारखं काम करतो. दर वेळी केस फिरवली की चौकट थोडी घासते. काही वर्षांत केस खुळखुळू लागते आणि खटका पकडत नाही.

करायचं ते असं. पट्टा काढा. टेबलावर मऊ कापड पसरा. केस आडवी सरकवा, अगदी शेवटपर्यंत. अर्ध्यात उलटवायला गेलात तर केसची कड चौकटीवर घासते, जुन्या रिव्हर्सोंच्या पाठीवर दिसणारे तिरपे ओरखडे त्याचेच. केस मधोमध उभी असताना न वापरलेल्या, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने खाचा कोरड्याच झाडा. हवेचा रबरी फुगा असेल तर फुंकर मारा, तोंडाने नको, थुंकीचे कण जातात. एवढ्याने मोकळी झाली नाही तर जोर लावू नका. खुंटी वाकली असेल, आणि ते काम घड्याळजीचं.

दोन गोष्टी त्याला आधीच बजावून ठेवा. एक, पॉलिश करू नये. केसच्या वर-खाली ज्या तीन आडव्या रेघा आहेत त्याच या घड्याळाचा चेहरा आहेत, आणि दोनदा पॉलिशच्या चाकावर धरलं की त्या बुजतात. दुसरी, पाण्याला अडवणारी केस 1985 मध्ये नव्या रचनेसोबत आली. त्याआधीच्या घड्याळात पाणी सरळ आत जातं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते हातावर नकोच. पट्टा वेगळा काढून, घड्याळ कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पुडी दर महिन्याला बदला, ओली झालेली पुडी उलट दमट हवा धरून ठेवते. आठवड्यातून एकदा चावी द्या.

चावीबद्दलही सांगून टाकतो. 'जास्त चावी दिल्याने बिघडलं' असं म्हणतात, पण निरोगी मशीनमध्ये शेवट बोटाला कळतो. तिथे थांबायचं. बिघडलेलं असतं ते वाळलेल्या तेलाने, चावीने नव्हे.

प्रश्न : रॉयल ओकच्या आत झेजेर-लकूल्त्रचं मशीन आहे असं वाचलं. मग ओदमार पिगे स्वतः काय करतात? (ठाणे)

रॉयल ओक हे ओदमार पिगे या स्विस घराण्याचं घड्याळ. पहिल्या रॉयल ओकपुरतं बोलायचं तर खरं आहे. 1967 मध्ये ल साँतिएमध्ये 920 क्रमांकाचं स्वयंचलित मशीन तयार झालं. जाडी फक्त 2.45 मिमी, आणि तीही हाताच्या हालचालीने चावी देणाऱ्या, मधोमध पूर्ण फिरणाऱ्या वजनासह. एवढ्या पातळ रचनेत वजनाच्या कडेला आधार लागतो, नाहीतर ते झुकून खाली घासतं. म्हणून कडेखाली गोल रूळ आणि त्यावर माणकाचे छोटे रोलर दिले.

हे मशीन तीन घराण्यांनी घेतलं. ओदमार पिगेकडे ते 2120 झालं आणि तारखेसह 2121, जे 1972 च्या रॉयल ओकमध्ये गेलं. पाटेक फिलिपकडे 28-255 नावाने 1976 च्या नॉटिलसमध्ये. वॉशरॉन कॉन्स्टँटिनकडे 1120 आणि 1121, आणि 1977 च्या '222' मध्ये. झेजेर-लकूल्त्रने स्वतःच्या नावाच्या घड्याळात ते कधीच घातलं नाही.

तुमच्या प्रश्नातला टोमणा मात्र पटत नाही. विकलं जायचं ते एबोश, म्हणजे कच्चं मशीन. पुलांच्या (म्हणजे चाकं धरणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) कडा तासणं, पृष्ठभागावर रेघा काढणं, ठोके देणारं बॅलन्स चक्र जुळवणं, वेगवेगळ्या स्थितींत वेळ लावणं हे घेणाऱ्याकडे व्हायचं, आणि त्यात बरीच कारागिरी असते. शिवाय ओदमार पिगे नुसतं गिऱ्हाईक राहिलं नाही. पुढे त्यांच्याकडे झेजेर-लकूल्त्रचे 40 टक्के भाग होते, ते 2000 मध्ये रिशमाँ समूहाने कंपनी घेतली तेव्हा विकले गेले. झू खोऱ्यात शेजारधर्म असा चालतो. तबकडीवरचं नाव हे घड्याळाचं आडनाव समजा, आजोळ मागचं झाकण उघडल्यावर कळतं.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या ब्रिटिश मोटारीच्या डॅशबोर्डवर 'जेगर' लिहिलेला वेगमापक आहे. तो या कंपनीचा का? (पणजी)

नाव त्याच एडमंड झेजेरचं, पण माल वेगळा. त्याच्या पॅरिसच्या कंपनीने मोटारी आणि विमानांसाठी मापकं बनवली. ब्रिटनमधली शाखा 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्मिथ्स कंपनीकडे गेली, आणि पुढे एमजी, जॅग्वार यांसारख्या गाड्यांत दिसणारी 'जेगर' मापकं तिथली. दुरुस्तीला मोटारीच्या मीटरवाल्याकडेच न्या, घड्याळजीकडे नको.

प्रश्न : ॲटमॉस घड्याळ नवीन घरी हलवल्यावर बंद पडलं. ते हवेवर चालतं म्हणतात, मग बंद का पडावं? (नागपूर)

हवेवर नव्हे, तापमानातल्या फरकावर. 1928 मध्ये झाँ-लेऑं रॉयतेर या स्विस अभियंत्याने या टेबलघड्याळाचा पहिला नमुना केला, आणि 1930 च्या दशकाच्या मध्यापासून ते ल साँतिएमध्ये बनू लागलं. सुरुवातीच्या फ्रेंच बनावटीच्या घड्याळांत पारा आणि अमोनिया होता. लकूल्त्रने तो काढून एथिल क्लोराइडची धातूची डबी बसवली, हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या असलेली. खोली तापली की वायू फुगतो आणि डबी लांबते, गार झाली की आखडते. ती आखडता-लांबताना एक बारीक साखळी ओढली जाते आणि मुख्य स्प्रिंगला चावी बसते. 1 अंशाच्या फरकावर घड्याळ सुमारे 2 दिवस चालतं. इतक्याशा ऊर्जेवर चालवायचं तर खर्चही तितकाच कमी हवा. म्हणून खालचं जड चक्र मिनिटाला फक्त 2 ठोके घेतं. हातावरचं आजचं सर्वसाधारण घड्याळ तासाला 28,800 ठोके घेतं, हे 120. म्हणजे 240 पट सावकाश.

ऊर्जा इतकी कमी, म्हणून कुठल्याही फालतू कारणाने ते थांबतं. या क्रमाने तपासा.

सर्वांत आधी खालच्या बाजूची कुलूपाची दांडी बघा. हलवण्यापूर्वी ती लावून चक्र अडवायचं असतं. ती न लावता टेम्पोतून नेलं असेल, तर चक्र ज्या पातळ तारेवर लटकतं ती तार पिळवटली किंवा तुटली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. चक्र तिरकं लोंबकळताना दिसलं तर तिथेच थांबा आणि कुलूप लावून जाणकाराला बोलवा.

तार ठीक दिसत असेल तर पातळी. बैठकीत पाण्याचा बुडबुडा असतो. पायांचे स्क्रू फिरवून तो बरोबर मध्यभागी आणा. लाकडी कपाटावर ठेवलं असेल तर दार उघडून-मिटून बघा, बुडबुडा हलला तर ती जागा बाद. फ्रिजला लागून असलेली भिंत, जिन्याखालचा कोनाडा, स्पीकर ठेवलेलं शेल्फ, यांपैकी काहीच चालणार नाही. दगडी किंवा सिमेंटचा ओटा उत्तम.

मग कुलूप काढा आणि वाट बघा. चक्राला बोटाने झोका देऊ नका. वेळ लावायची असेल तर मिनिटकाटा पुढच्याच दिशेने, हळू.

तरीही चालेना तर डबीवर संशय घ्या. वर्षानुवर्षांत वायू झिरपून जातो आणि डबी मेल्यासारखी आखडून बसते. जाणकार ती काढून फ्रिजमध्ये ठेवतो : चांगली डबी गारव्याने आखडते आणि बाहेर काढल्यावर पुन्हा फुगते, मेलेली तशीच राहते. हा प्रयोग घरी करू नका. डबीसमोर दणकट स्प्रिंग दाबून बसलेली असते, ती सुटली तर डोळ्याला लागेल.

आता नागपूरचा मुद्दा. हे घड्याळ साधारण 15 ते 30 अंशांत नीट चालतं. मे महिन्यात बंद, तापलेल्या खोलीत डबी पूर्ण लांबून बसते, तिला आखडायला वावच राहत नाही. दिवसा कूलर किंवा एसी असलेल्या खोलीत ते ठेवा, चालू-बंदच्या फरकानेच त्याला पुरेशी चावी मिळेल. कूलरचा ओला झोत मात्र त्याच्यावर नको. आणि आणखी एक : या घड्याळाला तेल घालत नाहीत. कुणी 'सर्व्हिसिंग' म्हणून तेलाचे थेंब सोडले असतील तर तेवढ्या चिकटपणानेही ते थांबतं, मग पूर्ण उघडून धुवावं लागतं.

प्रश्न : रिव्हर्सो ड्युओफेस घ्यायचं आहे, एका बाजूला दुबईची वेळ, दुसऱ्या बाजूला भारताची. जमेल? (दुबई)

ड्युओफेस 1994 मध्ये आलं. एकच मशीन, पुढे-मागे दोन तबकड्या. कल्पना सुंदर, पण आपल्यासाठी एक मेख आहे. मागच्या बाजूचा तासकाटा एकेक तासाने उडी मारतो, मिनिटं दोन्हीकडे सारखीच. दुबई आणि भारतात दीड तासाचा फरक. म्हणजे मागची वेळ कायम अर्धा तास चुकणार. लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या मराठी माणसालाही हीच अडचण.

सराव झाला की लोक 'अधिक अर्धा' मनातच करतात. घड्याळजीकडून मागचा मिनिटकाटा अर्ध्या फेरीने वेगळा बसवून घेण्याचा मार्ग आहे, पण हमीच्या काळात ते करू नका. शिवाय मागे दुबईची वेळ लावून युरोपला गेलात की पुन्हा घोळ. निव्वळ दुबई-भारत एवढ्यासाठी हे घड्याळ घेऊ नका. घडणीसाठी घ्यायचं तर खुशाल घ्या.

प्रश्न : ऑनलाइन जुनं मेमोव्हॉक्स मिळतंय. तबकडी अगदी कोरी, तबकडीवर फक्त 'लकूल्त्र', आणि विकणारा म्हणतो गजर 'थोडा कमजोर' आहे. घ्यावं का? (नाशिक)

तीन गोष्टी एकत्र विचारल्यात, त्यांतली एक निर्दोष आहे.

फक्त 'लकूल्त्र' ही चूक नाही. अमेरिकेत ही घड्याळं बराच काळ नुसत्या 'लकूल्त्र' नावाने विकली गेली. मशीन स्वित्झर्लंडहून जायचं आणि जकात वाचवण्यासाठी केस बहुधा अमेरिकेतच बनायची. अशा मशीनच्या पुलावर 'व्हीएक्सएन' ही तीन रोमन अक्षरं कोरलेली सापडतात, ती आयातदाराची खूण. सोन्याचा मुलामा दिलेली अमेरिकन केस आणि लकूल्त्रची तबकडी ही जोडी स्वाभाविक आहे.

गजराचं आधी नीट तपासून घ्या. मेमोव्हॉक्स हे गजराचं मनगटी घड्याळ 1950 मध्ये आलं, स्वयंचलित रूप 1956 मध्ये. त्याला दोन चाव्या असतात, 2 च्या बाजूची गजराची आणि 4 च्या बाजूची वेळेची. गजराची स्प्रिंग वेगळी असते आणि स्वयंचलित घड्याळातही ती हातानेच भरावी लागते. निम्म्या 'कमजोर' गजरांचं कारण एवढंच असतं. पूर्ण चावी दिल्यावर तो साधारण 20 सेकंद वाजायला हवा. तरीही आवाज बद्द आला तर मागचं झाकण बघा. आतली हातोडी झाकणाच्या खिळ्यावर आपटते. झाकण बदललेलं असेल किंवा जाड रबरी रिंग घातली असेल, तर हातोडी पोचत नाही. जुन्या स्वयंचलित प्रकारांत वजन पूर्ण फिरत नाही, दोन्ही टोकांना स्प्रिंगवर आपटून परततं. हलवल्यावर हाताला टक-टक जाणवते, ती बिघाडाची खूण नव्हे.

भीती वाटते ती कोऱ्या तबकडीची. साठ-सत्तर वर्षांच्या तबकडीवर थोडा पिवळेपणा, कडेला डाग असणारच. आपल्याकडून जगभर विकल्या गेलेल्या पुनर्रंगवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. दहापट भिंग लावून पाहा. मूळ छपाईची अक्षरं धारदार आणि किंचित उठलेली असतात, रंगवलेल्यांची कड फुटलेली, रेघांची जाडी कमी-जास्त. मिनिटांच्या खुणा तासाच्या धातूच्या पट्ट्यांच्या बरोबर समोर येतात का? पट्ट्यांच्या मुळाशी रंग साचलाय का? 6 च्या खाली 'स्विस' आहे का, की केसच्या कडेने अर्धं कापलंय? मेमोव्हॉक्समध्ये मधली गजराची चकती फिरते, तिचा रंग आणि बाहेरच्या कड्याचा रंग एकाच वयाचा दिसला पाहिजे. चकती जुनाट आणि कडं चकचकीत, किंवा उलट, तर एकच भाग रंगवलाय.

विकणाऱ्याकडून मशीनचा फोटो मागा. नाव, क्रमांक आणि पी किंवा के या अक्षराने सुरू होणारा मशीनचा प्रकार स्पष्ट दिसला पाहिजे. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा. आणि काट्यांवर जुना, तपकिरी पडलेला चमकणारा रंग असेल तर तो खरवडून 'स्वच्छ' करायला कुणालाही देऊ नका. त्या काळच्या रंगात रेडियम असायचं. बंद काचेआड ठीक, पण खरवडल्यावर उडणारी भुकटी श्वासात जाणं घातक आहे.